मेल गेला, पण पोहोचला कुठे? स्वतःच्या डोमेनवरच्या मेलबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे: 'आमचे मेल पोहोचत नाहीत.' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. परत आलेल्या मेलमधला त्रुटीचा आकडा किंवा पोहोचलेल्या मेलचे पूर्ण हेडर (मेल कुठून कसा आला याची त्याला जोडलेली तांत्रिक माहिती), यांपैकी एक तरी हाताशी हवे. ज्यांनी ते पाठवले, त्यांचे प्रश्न खाली घेतले आहेत. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या, ओळी छपाईसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष भरताना त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. तुमच्या डोमेनच्या जागी सगळीकडे 'उदाहरण.कॉम' लिहिले आहे.

प्रश्न: आमचे मेल गूगल वर्कस्पेसवर आहेत. बिलिंगचे सॉफ्टवेअर आमच्याच पत्त्याने बिले पाठवते, पण जीमेलवाल्या ग्राहकांकडून ती ५५० ५.७.२६ हा आकडा घेऊन परत येतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या सांगण्यावरून एसपीएफचा (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याच्या यादीचा) दुसरा रेकॉर्ड टाकला, तर आता आमचे साधे मेलही स्पॅममध्ये जायला लागले. असे का?

साधे मेल बिघडले ते त्या दुसऱ्या रेकॉर्डमुळे. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असावा लागतो. दोन सापडले की तपासणारा सर्व्हर त्यांतला खरा कोणता हे शोधत बसत नाही, 'पर्मएरर' (कायमची चूक) असा निकाल देऊन मोकळा होतो. आधीचा चांगला रेकॉर्डही मग फुकट जातो. दोन्ही एका ओळीत आणा:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम इन्क्लूड:(बिलिंग कंपनीने दिलेले नाव) ~ऑल

'व्ही=एसपीएफ१' एकदाच, सुरुवातीला. 'ऑल' एकदाच, शेवटी. त्याच्या पुढे लिहिलेले काही वाचलेच जात नाही. शिवाय ही ओळ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस शोध चालतात. इन्क्लूड, ए, एमएक्स, एक्झिस्ट्स आणि रीडायरेक्ट हे शब्द प्रत्येकी एक मोजले जातात, आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडसुद्धा. आयपी४, आयपी६ आणि ऑल मोजत नाहीत. अकरावा शोध लागला की पुन्हा पर्मएरर. तीन-चार बाहेरच्या सेवा जोडलेल्या डोमेनवर ही मर्यादा कळायच्या आत ओलांडली जाते, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावे आधी काढा.

पण एवढे करूनही बिले जातीलच असे नाही, आणि इथेच सॉफ्टवेअरवाल्यांचा सल्ला अपुरा पडतो. एसपीएफ तपासते ते 'रिटर्न-पाथ'चे, म्हणजे न पोहोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्याचे, डोमेन. ग्राहकाला दिसणारा 'फ्रॉम' पत्ता ते पाहतच नाही. बिले पाठवणाऱ्या बहुतेक सेवा रिटर्न-पाथमध्ये स्वतःचे डोमेन घालतात, म्हणजे परत आलेले मेल त्यांच्याकडे जातात. तसे असेल तर तपासणी त्यांच्या एसपीएफची होते. तुमच्या रेकॉर्डमध्ये त्यांचे नाव असले काय, नसले काय, फरक शून्य. डीमार्क (तपासणीत न जुळलेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारे डोमेनचे धोरण) मात्र विचारते की फ्रॉममधले डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिमने (मेलवरच्या डोमेनच्या डिजिटल सहीने) पास केलेले डोमेन जुळते का. म्हणून 'एसपीएफ: पास, डीमार्क: फेल' असा चक्रावणारा निकाल दिसतो.

खरा उपाय डीकिमचा. बिलिंग कंपनीकडे 'आमच्या डोमेनची डीकिम सही हवी' एवढेच मागा. ते लोक दोन-तीन सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारे) किंवा एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराचा) देतील, ते डीएनएसमध्ये भरा. मग एक बिल स्वतःच्या जीमेल खात्यावर पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा आणि डीकिम-सिग्नेचरच्या ओळीत 'डी=' पुढे काय आहे ते पाहा. तिथे उदाहरण.कॉम दिसले पाहिजे. कंपनीचेच नाव दिसत असेल तर काम झालेले नाही, मग त्यांच्या पॅनेलमध्ये हिरवी खूण का असेना.

जाता जाता वर्कस्पेसचीही डीकिम पाहून घ्या. ॲडमिन कन्सोलमध्ये किल्ली तयार करायची, ती डीएनएसमध्ये टाकायची आणि परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचे असते. हा शेवटचा टप्पा फार जणांचा राहून जातो. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक लागते, आणि दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याकडून दोन्ही अधिक डीमार्क.

प्रश्न: संकेतस्थळ सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या) होस्टिंगवर आहे, मेल दुसऱ्या कंपनीकडे. संपर्काचा फॉर्म भरला की आमच्या डोमेनवरच्या पत्त्यावर काहीच येत नाही. तिथे जीमेलचा पत्ता टाकला तर येते. बाऊन्सही होत नाही.

तो मेल होस्टिंगच्या सर्व्हरबाहेर पडलेलाच नाही. सर्व्हरचा समज असा की उदाहरण.कॉमची टपाल-पेटी आपल्याकडेच आहे, त्यामुळे तो एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणारा रेकॉर्ड) न पाहता मेल घरातल्या घरात ठेवून देतो. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडा, डोमेन निवडा आणि 'लोकल मेल एक्स्चेंजर'ऐवजी 'रिमोट मेल एक्स्चेंजर' करा. स्वतः पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर) चालवत असाल तर 'मायडेस्टिनेशन'च्या यादीतून डोमेन काढा. हरवलेले जुने मेल बहुधा त्याच होस्टिंगच्या वेबमेलमध्ये सापडतील. डोमेनचा 'डिफॉल्ट ॲड्रेस' कुठे वळवला आहे तेही पाहा.

हे दुरुस्त झाले की लगेच दुसरी अडचण उभी राहील. अनेक फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता फ्रॉममध्ये घालतात. तुमच्या वेबसर्व्हरने दुसऱ्याच्या याहू पत्त्याने मेल पाठवणे म्हणजे तोतयेगिरीच, आणि याहूचे डीमार्क धोरण 'रिजेक्ट' असल्याने असा मेल नाकारला जातो. फ्रॉममध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि पीएचपीच्या मेल फंक्शनवर विसंबू नका. फॉर्मला एसएमटीपीचे लॉगिन द्या: तुमच्या मेल कंपनीचा सर्व्हर, पोर्ट ५८७ स्टार्टटीएलएससह किंवा ४६५, आणि फॉर्मसाठी वेगळा पासवर्ड. मग डीकिमची सही त्या कंपनीकडूनच होते आणि सामायिक होस्टिंगवरच्या शेजाऱ्यांचे स्पॅम तुमच्या माथी येत नाही.

प्रश्न: डीएनएसमध्ये डीकिम आणि एमएक्स भरून दोन दिवस झाले. पॅनेलमध्ये दिसतात, तपासणीच्या साधनांना दिसत नाहीत. किती वाट पाहायची?

वाट पाहणे थांबवा. दोन दिवसांत दिसले नाही तर ते बहुतेक कधीच दिसणार नाही. आधी 'डिग एनएस उदाहरण.कॉम' चालवा, विंडोजवर 'एनएसलुकअप -टाइप=एनएस उदाहरण.कॉम'. जी नेमसर्व्हरची नावे येतील, त्यांच्याच पॅनेलमध्ये केलेले बदल जगाला दिसतात. डोमेन एका कंपनीत घेतलेले, होस्टिंग दुसऱ्या, मध्ये क्लाउडफ्लेअर, अशा मांडणीत तिन्हीकडे डीएनएसचे पान असते आणि त्यांतली दोन निव्वळ शोभेची असतात.

जागा बरोबर असेल तर नाव तपासा. पुष्कळ पॅनेल डोमेन स्वतःहून जोडतात. तुम्ही नावाच्या चौकटीत 'निवडक._डोमेनकी.उदाहरण.कॉम' ('निवडक'च्या जागी मेल सेवेने दिलेले नाव) असे पूर्ण लिहिले, तर रेकॉर्ड तयार होतो 'निवडक._डोमेनकी.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम' या नावाने. अशा पॅनेलमध्ये 'निवडक._डोमेनकी' एवढेच भरायचे. २०४८ बिटांची किल्ली असेल तर आणखी एक गोष्ट: टीएक्सटीमधली एक सलग माळ २५५ अक्षरांपुरतीच असते आणि ही किल्ली त्याहून लांब. काही पॅनेल ती आपोआप तोडून भरतात, काही शेपूट गुपचूप कापतात. बाहेरून डिग करून आलेली किल्ली मूळ किल्लीशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहा.

एमएक्समध्ये सर्व्हरचे नाव हवे, आयपी पत्ता नको. आणि ते नाव सीनेमही नको. लहान आकड्याला आधी मान. जुन्या कंपनीचे एमएक्स 'राहू दे' म्हणून ठेवू नका, कारण नव्याला क्षणभर उशीर झाला की मेल त्या बेवारस पेटीत जाऊन पडतात. पुढच्या वेळी एमएक्स बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) ८६४००वरून ३०० सेकंदांवर आणा.

प्रश्न: आमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) पोस्टफिक्स आहे. आधी सगळे मेल 'कनेक्शन टाइम्ड आउट' होत होते. पोर्ट २५ (सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याची वाट) उघडून घेतल्यावर जाऊ लागले, पण जीमेल मधूनच ५.७.२५ म्हणून नाकारते. कधी जाते, कधी नाही.

५.७.२५ म्हणजे पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारा रेकॉर्ड) नाही किंवा तो उलटसुलट जुळत नाही. तो मुळीच नसता तर सगळेच मेल नाकारले गेले असते. तुमच्या पत्रातला 'मधूनच' हा शब्द सांगतो की सर्व्हर दोन पत्त्यांवरून बोलतो आहे, एक आयपीव्ही४ आणि एक आयपीव्ही६, आणि पीटीआर फक्त पहिल्याला लावलेला आहे. लॉगमध्ये नाकारलेल्या ओळी पाहा. त्यांत विसर्गचिन्हांसारखे दोन टिंबांचे लांबलचक पत्ते दिसतील.

पीटीआर तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये टाकता येत नाही, तो व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये असतो, कारण आयपी त्यांचा आहे. दोन्ही पत्त्यांना 'मेल.उदाहरण.कॉम' असे नाव द्या. मग त्या नावाचा ए रेकॉर्ड त्याच आयपीव्ही४कडे आणि एएएए त्याच आयपीव्ही६कडे परत जायला हवा. पोस्टफिक्सच्या 'मायहोस्टनेम'मध्येही हेच नाव. एसपीएफमध्ये 'आयपी६:' विसरू नका. आयपीव्ही६ची गरज नसेल तर सरळ 'आयनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' करा; त्यानंतर रीलोड पुरत नाही, पोस्टफिक्स पूर्ण बंद करून चालू करावे लागते.

टाइम-आउटबद्दलही सांगायला हवे. अनेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारे पोर्ट २५ मुद्दाम बंद ठेवतात. अशा वेळी पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो आणि ५ दिवसांनी परत करतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण 'डिले_वॉर्निंग_टाइम' मुळात शून्य असते. ते ४ तास करा, आणि 'पोस्टक्यू -पी' ही आज्ञा रोज एकदा चालवायची सवय लावा.

त्याच पत्रात स्पॅमहाउसच्या (संशयित आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीबद्दल विचारले आहे. आपला आयपी यादीत आहे का ते डीएनएसमार्फत विचारल्यावर उत्तर १२७.०.०.१० किंवा ११ आले तर ती 'पीबीएल', म्हणजे ज्या आयपींवरून थेट मेल जाऊ नयेत अशांची यादी. त्यात नाव असणे हा स्पॅमचा आरोप नव्हे. १२७.०.०.४ म्हणजे 'एक्सबीएल': त्या आयपीवरच्या यंत्रात काहीतरी घुसले आहे, आधी ते शोधा, नाव काढण्याचा अर्ज नंतर. आणि १२७.२५५.२५५.२५४ आले तर तुम्ही कुठल्याही यादीत आहात असे नव्हे. सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारल्यामुळे स्पॅमहाउसने उत्तर नाकारले, एवढाच त्याचा अर्थ. अर्धवट स्क्रिप्ट हाच आकडा 'काळ्या यादीत' म्हणून दाखवतात आणि माणसे विनाकारण धावपळ करतात.

आमचे मत विचाराल तर छोट्या कार्यालयाने येणारे मेल खुशाल स्वतःच्या सर्व्हरवर घ्यावेत; जाणारे मात्र 'रिलेहोस्ट' लावून पोर्ट ५८७वरून एखाद्या मेल सेवेमार्फत पाठवावेत. नव्या आयपीची पत जमवण्यात जो वेळ जातो तो सहसा वसूल होत नाही.

प्रश्न: आमच्या पत्त्यावर आलेले मेल आम्ही आपोआप जीमेलला वळवतो. काही पाठवणाऱ्यांचे पोहोचतच नाहीत.

वळवलेला मेल तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरून जातो आणि मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये तो आयपी नसतो. एसपीएफ पडणारच. ज्यांची डीकिम सही शाबूत राहते त्यांचे मेल तरतात. म्हणून वाटेत विषयापुढे '[बाहेरून]' जोडणे, तळाशी सूचना चिकटवणे असले प्रकार बंद करा. त्यांनी सही मोडते. वळवणाऱ्या सर्व्हरवर एसआरएस (रिटर्न-पाथमध्ये वळवणाऱ्याचे डोमेन घालणारी सोय) चालू केले तर एसपीएफ पास होते, पण ते तुमच्या डोमेनचे, त्यामुळे डीमार्कला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न: डीमार्क थेट 'पी=रिजेक्ट' ठेवले तर चालेल का?

ज्या डोमेनवरून मेल जातच नाहीत तिथे आजच ठेवा, सोबत 'व्ही=एसपीएफ१ -ऑल'. चालू डोमेनवर आधी 'पी=नन' (काही नाकारू नका) आणि 'आरयूए=मेलटू:' पुढे अहवाल घेण्यासाठी एक पत्ता. बहुतेक मोठ्या सेवा दिवसातून एकदा एक्सएमएल अहवाल पाठवतात. महिनाभर ते वाचा, कारण पगारपत्रके, वर्गणीची पावती किंवा जुना स्कॅनर असे कुणीतरी महिन्यातून एकदाच मेल पाठवणारे त्यात हमखास निघते. ते सगळे जुळले की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'.

प्रश्न: एका ग्राहकाला पहिला मेल नेहमी अर्ध्या तासाने मिळतो, पुढचे लगेच. लॉगमध्ये ४५१ ४.७.१ दिसते.

चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नको, पुन्हा या'. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. इथे समोरच्या सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग आहे. अनोळखी पाठवणाऱ्याला तो पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतो, कारण स्पॅम पाठवणारी यंत्रे सहसा पुन्हा येत नाहीत. तुमच्या बाजूला दुरुस्त करण्यासारखे काही नाही. मात्र तुमची सेवा दर प्रयत्नाला वेगळ्या आयपीवरून जात असेल तर उशीर तासांवर जाऊ शकतो. तेव्हा त्या ग्राहकाच्या मेल सांभाळणाऱ्याला तुमचे डोमेन सवलतीच्या यादीत घालायला सांगा, आणि सोबत लॉगमधली ती ओळ वेळेसकट पाठवा.