वाचकांचे प्रश्न : घोषणा पुरे, काटा आणा

पहिली ते चौथीच्या मुलांना पर्यावरण कसं शिकवावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत.

तिसरीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. परिसर अभ्यासात कचऱ्याचा विषय आला की चित्रं काढून घेते, घोषणा पाठ करून घेते. मधली सुट्टी झाली की वर्गात पुन्हा कागदांचा सडा. काय करावं? – शिक्षिका, येरवडा

आठ वर्षांच्या मुलाला ‘पृथ्वी’ दिसत नाही, वर्गातली टोपली दिसते. म्हणून सुरुवात टोपलीपासून करा. एका दिवसाचा वर्गातला सगळा कचरा फेकू न देता साठवा. शनिवारची अर्धी शाळा आणि कुणाचा वाढदिवस असेल तो दिवस टाळा. त्या दिवशीचा कचरा नेहमीसारखा नसतो.

शेवटच्या तासाला जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून टोपली रिकामी करा. शार्पनरची पाती, टाचण्या, काच असं काही असेल तर ते तुम्ही आधी बाजूला काढा. मग मुलांच्या हातात चिमटे द्या. चिमटे नसतील तर हातावर जुन्या पिशव्या चढवल्या तरी चालतात. पाच ढीग करायचे : कागद, पेन्सिलीची सालं, खाऊची पाकिटं, अन्न आणि फळांची सालं, आणि उरलेलं. गॅसची टाकी तोलायला असतो तो मोठा ताणकाटा इथे निरुपयोगी आहे. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा काटा आणा. डबा ठेवून आधी डब्याचं वजन फळ्यावर लिहा, मग भरलेल्या डब्याचं. वजाबाकी मुलं करतील.

पाकिटं मात्र तोलू नका, मोजा. तोलली तर केळ्याच्या चार सालांपुढे अख्ख्या वर्गाची पाकिटं हलकी भरतात आणि मुलं म्हणतात, यांचा काही त्रासच नाही! खरं तर सगळ्यात अवघड कचरा तोच. चकाकत्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवालाही ती घेत नाही. हे नुसतं सांगण्यापेक्षा मुलांनी एक पाकीट फाडून आतली बाजू पाहावी.

आकडे तक्त्यावर लिहून वर्गात लावा. त्यानंतर महिनाभर एकच बदल करायचा, आणि तो मुलांनी ठरवायचा. बहुतेक वर्ग पाठकोऱ्या कागदांचा ट्रे ठेवतात. चित्रं, कच्ची गणितं त्यावर करायची. चार आठवड्यांनी त्याच वारी पुन्हा तोला. आकडा कमी झाला नाही तरी तसाच लिहा.

दोन गोष्टी सांभाळा. कुणाच्या डब्यात पाकीट होतं ते नावानिशी सांगू नका. पाच रुपयांचं पाकीट हाच कित्येक मुलांचा डबा असतो. आणि ओला-सुका वेगळा करायला लावण्याआधी शाळेच्या मावशींशी, तसंच कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी बोलून घ्या. पुण्यात बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेविका ओला-सुका वेगळा घेतात. पण शाळेच्याच फाटकाशी दोन्ही डबे एका पिंपात रिकामे होताना मुलांनी एकदा पाहिलं, की वर्षभराच्या तासांवर पाणी पडतं. जमलं तर त्या ताईंनाच अर्ध्या तासासाठी वर्गात बोलवा. सुक्यातलं काय विकलं जातं आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

शाळेत खताची बादली सुरू केली. तीन आठवड्यांत इतका वास सुटला, की पालकांच्या तक्रारी आल्या. अळ्याही झाल्यात. बंद करावी का? – शिक्षक, सहकारनगर

बंद करू नका. वास कसला येतो ते आधी ओळखा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर ओला माल जास्त झालाय. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाही आणि पाणी साचलंय. दोन्हीवर पहिला उपाय एकच : बादली उपसून वर्तमानपत्रावर पसरा, चुरलेला सुका पालापाचोळा मिसळा आणि पुन्हा भरा.

बहुधा बादलीलाच भोकं कमी असतील. २० लिटरच्या बादलीला बाजूने साधारण दहा-दहा सेंटिमीटरवर, पेन्सिल जाईल एवढी भोकं हवीत, काही तळालाही. बादली दोन विटांवर ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर द्या. मग एक वाटी सालांना दोन वाट्या पाचोळा, हे प्रमाण मुलांनीच मोजून टाकायचं. केळ्याची सालं तुकडे करून टाका. मोसंबीची थोडीच, ती कुजायला वेळ लावतात. उरलेली भाजी-पोळी आणि तेलकट काहीही नको, त्याने उंदीर येतात. विरजण म्हणून दोन मुठी जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक पुरतं. झाकण घट्ट लावायचं नाही, वर गोणपाट टाका.

ओलावा तपासायला मूठभर माल दाबून पाहा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाचोळा घाला, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. आठवड्यातून दोनदा काठीने खालवर करा. पावसाळ्यात बादली वळचणीखाली घ्या.

अळ्या चपट्या, करड्या-तपकिरी असतील तर त्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या आहेत. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट माल झपाट्याने संपवतात. चौथीच्या मुलांना भिंगातून दाखवा, किळस कमी होते. चिलटं झाली असतील तर सालांवर पाचोळ्याचा थर पडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

पाचोळ्याची बेगमी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवा. तेव्हा पुण्यात रस्तोरस्ती तो पडलेला असतो आणि लोक तो जाळतातही. वर्षावृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा-फणसाची चिवट, ती आधी चुरायला हवीत. साधारण दोन महिन्यांनी खत झालंय का हे मुलांनाच ठरवू द्या : दहा मेथीदाणे या खतात, दहा साध्या मातीत. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखेच उगवले तर खत तयार. खतात कमी उगवले तर अजून पंधरा दिवस थांबा.

पाणी वाचवण्याचा धडा गणिताच्या तासाला घेता येईल का? – शिक्षिका, भोसरी

गळका नळ शोधा, शाळेत एखादा असतोच. खाली मापाचा पेला ठेवून बरोबर दहा मिनिटं पाणी गोळा करा. ६० मिलिलिटर जमलं, तर तासाला ३६०, दिवसाला ८,६४० मिलिलिटर, म्हणजे साडेआठ लिटरहून जास्त. चौथीला हा गुणाकार झेपतो. तिसरीला तासापर्यंतच थांबवा. टाकी भरलेली असताना दाब जास्त, गळती जास्त. त्यामुळे सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेगळे आकडे येतील. ते का वेगळे आले यावरची चर्चा गुणाकाराहून मोलाची. मग नळाचा वायसर बदलून घ्या आणि पुन्हा मोजा. ही दुरुस्ती झाली नाही तर धडा अर्धा राहिला.

सात वर्षांच्या मुलाने बर्फ वितळण्याचा व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून रात्री विचारतो, ‘आपण मरणार का?’ – पालक, बाणेर

नेमकं काय पाहिलं आणि त्यातून काय समजलं, हे आधी त्याच्याच तोंडून ऐका. मुलं बहुधा उद्याच घडणार असं धरून चालतात. ‘काही होत नाही, झोप’ म्हणू नका आणि ‘तुम्हीच आता पृथ्वी वाचवायची’ असंही नको. ते ओझं मोठ्यांचं आहे. हवा तापतेय हे खरं, खूप मोठी माणसं त्यावर काम करताहेत हेही खरं, आणि आज रात्री आपण घरात सुरक्षित आहोत, एवढं पुरे. या वयाला जगबुडीचे व्हिडिओ नकोतच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याच्या हाताला काम द्या. गॅलरीत सावलीला मातीचं पसरट भांडं, दोन-तीन बोटं पाणी, मधे एक दगड. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं, नाही तर आठवडाभरात डास तयार होतात. कोणता पक्षी कधी आला ते वहीत लिहायचं. झोप तरीही उडालेलीच राहिली तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

जूनमध्ये चौथीच्या मुलांना टेकडीवर नेऊन झाडं लावायची, सीडबॉल (आत बी असलेले मातीचे गोळे) टाकायचे, असं ठरतंय. काय काळजी घ्यावी? – मुख्याध्यापक, वारजे

फोटो छान येतात, पण हा उपक्रम आम्ही सुचवणार नाही. वेताळ टेकडी, तळजाई अशा टेकड्यांवर बरीच जमीन वनखात्याची आहे, परवानगी लागते. माती हातभरही खोल नसते. रोप पावसाळ्यात तगतं आणि फेब्रुवारी ते मेमध्ये पाण्यावाचून नाही तर वणव्यात जातं. पुढच्या वर्षी मुलांना तिथे वाळलेली काडी दिसते. शिवाय टेकडीवरचं गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे. चंडोल, तित्तिर जमिनीवरच घरटी करतात. गिरिपुष्पासारखं परदेशी झाड टेकड्यांवर आधीच भरपूर लावलं गेलंय. सीडबॉलमध्ये सुबाभूळ मिसळलं तर आणखी पंचाईत.

त्याऐवजी शाळेतच रोपं करा. एक लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन तळाला चार भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग खत भरा. करंजाचं बी रात्रभर भिजवून लावलं की दोनेक आठवड्यांत उगवतं. बहाव्याचं बी टणक. एका बाजूने पॉलिश पेपरवर घासून २४ तास भिजवा, नाही तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. कडुनिंबाच्या पिकल्या लिंबोळ्या जून-जुलैत मिळतात. गर धुऊन काढा आणि आठ-दहा दिवसांत पेरा, जुनं बी उगवत नाही. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरा, त्याहून खोल गेलं तर कुजतं.

वर्गाला दहा पिशव्या खूप झाल्या. दर महिन्याला उंची मोजून तक्त्यावर लिहायची. मे महिन्याच्या सुट्टीतलं पाणी हा खरा कस आहे. शाळेजवळ राहणाऱ्या चार पालकांची पाळी एप्रिलमध्येच लावा आणि पिशव्या दाट सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. पुढच्या जुलैत गुडघाभर झालेली रोपं शाळेच्या आवारात किंवा मुलांच्या सोसायटीत, नळ जवळ असेल अशाच जागी लावा. टेकडीवर मुलांना जरूर न्या, पण रिकाम्या हाताने, वही-पेन्सिल घेऊन, आणि शक्यतो सप्टेंबरमध्ये, गवत फुललेलं असताना.