नवरा निर्व्यसनी आहे, तरीही संसारात मन का लागत नाही?

तुम्ही लिहिले आहे की नवरा निर्व्यसनी आहे, मारहाण नाही, पैशाची ओढाताण नाही, तरीही सहाव्या वर्षी संसारात मन लागत नाही. मग दोष आपल्याच स्वभावात आहे का? बडोद्यात अनेक वर्षे जोडप्यांचे समुपदेशन करताना माझे मत असे झाले आहे की, स्वभावाकडे वळण्याआधी घरातील कामाची आणि त्याहूनही निर्णयांची वाटणी तपासावी.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे देताना आढळल्या आणि पुरुष 97; शिवाय चारांपैकी जवळपास तीन पुरुष त्या कामात नव्हतेच. पण कष्टांपेक्षा प्रत्येक गोष्टीसाठी परवानगी मागावी लागणे माणसाला अधिक खचवते. दांडिया बाजारातील एक नोकरदार सून माहेरी दोन दिवस जाऊ का म्हणून विचारी, तेव्हा नवरा दर वेळी म्हणे, "आईला विचारून सांगतो." तो गृहस्थ मुळीच वाईट नव्हता. तिला माझ्यासमोर प्रश्न विचारला तरी उत्तर तोच देई, आणि ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत राही.

स्वभावाचा वाटा नसतो असे नव्हे. सतत चिंता करणाऱ्या, लवकर दुखावणाऱ्या व्यक्तींना वैवाहिक असमाधान अधिक जाणवते, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. एकाने विषय काढायचा आणि दुसऱ्याने गप्प बसायचे, ही सवयही घातक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी तर जोडीदाराविषयीची तुच्छता हे नाते तुटण्याचे सर्वांत ठळक लक्षण मानले आहे.

यात लोकलज्जेची भर पडते. बडोदा संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 मध्येच, म्हणजे देशाच्या कायद्याच्या 24 वर्षे आधी केला. तरी याच शहरात मुलीने मन मोकळे केले की माहेरची माणसे आजही आधी "जमवून घे" म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते.

घरात भीती वाटत असेल, तर गुजरातमधील महिलांसाठीच्या 181 या अभयम हेल्पलाइनवर आधी बोला. तसे नसेल, तर तुम्हाला कोणकोणत्या गोष्टी विचारून कराव्या लागतात ते आठवडाभर लिहून ठेवा आणि सासूबाई समोर नसताना तो कागद नवऱ्याला वाचायला द्या.