पुस्तकपत्रे : कुकला तूर्त बोटीवरच राहू द्या

प्रश्न : ताई, माझी लेक ऑकलंडला असते. नातीच्या वर्गात सामोआ, टोंगा, नियूए अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या घरांतली बरीच मुलं आहेत. दिवाळी झाली की मी तिकडे जाणार. त्याआधी या लोकांविषयी वाचावं म्हणते, पण शोधायला गेलं की कॅप्टन कुक, नाहीतर नारळाची झाडं! कुठून सुरुवात करू?
– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : अठराव्या शतकातल्या त्या इंग्रज दर्यावर्दी कुकला तूर्त बोटीवरच राहू द्या. बेटांविषयी बाहेरच्यांनी ढीगभर लिहून ठेवलंय. आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला सामोआ म्हणजे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीडचं १९२८ सालचं पुस्तक, की विषय संपला. सामोअन माणसं स्वतःही लिहितात, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून माझा हट्ट असा, की आधी त्यांनी लिहिलेलं वाचा, त्यांच्याविषयीचं मागाहून.

नातीला मांडीवर घेऊन सेलिना तुसितला मार्श यांचं 'मॉपहेड' (२०१९) वाचा. लेखिकेची मुळं सामोआ आणि तुवालूची. शाळेत तिच्या दाट, पिंजारलेल्या केसांवरून मुलं चिडवतात, मग ती ते घट्ट बांधून ठेवते. एक दिवस तसल्याच विस्कटलेल्या केसांचा एक कवी शाळेत येतो आणि ही आपले केस मोकळे सोडते. हीच मुलगी पुढे न्यूझीलंडची राजकवी झाली. चित्रं तिनेच काढलेली आहेत. तासाभरात संपतं, नात पुन्हा वाचायला लावेल.

दुसरं तुमच्यासाठी. पॉलीन व्हाएलुआगा स्मिथ यांचं 'डॉन रेड' (२०१८) ही १९७६ सालातल्या एका सामोअन घरातल्या मुलीची डायरी आहे. लिहिलंय किशोरांसाठी, पण तुम्ही वाचाच. त्या दशकात न्यूझीलंडमध्ये पहाटे पोलीस दार ठोठावून बेटांवरच्या लोकांचे व्हिसा तपासत. कारखान्यांना हात हवे होते तेव्हा याच लोकांना येऊ दिलं होतं. मंदी आल्यावर ते डोळ्यांत खुपू लागले. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांत ब्रिटिश आणि अमेरिकनही होते, पण त्यांच्या दारावर थाप पडत नव्हती. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यातली आकडेवारी निघाली : असे राहिलेल्यांत बेटांवरचे लोक सुमारे एक तृतीयांश, आणि खटले भरले गेले त्यांत मात्र ८६ टक्के. सरकारने माफी मागितली ती थेट १ ऑगस्ट २०२१ रोजी. माफीच्या सामोअन रीतीप्रमाणे तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न चटई पांघरून बसल्या आणि समोरच्या समाजातल्या लोकांनी ती दूर केली. तुमच्या नातीच्या मैत्रिणींच्या आजी-आजोबांनी ती दारावरची थाप स्वतः ऐकलेली असू शकते. शाळेच्या फाटकाशी गप्पा माराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

तिसरी आल्बर्ट वेंट यांची 'सन्स फॉर द रिटर्न होम' (१९७३). जुनी आहे, तरी सांगतेच. वेलिंग्टनमध्ये राहणारं सामोअन कुटुंब, 'शिकून गावी परत जायचं' हा आईवडिलांचा घोषा, आणि मुलगा एका गोऱ्या मुलीच्या प्रेमात. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना ही कादंबरी जरा टोचेल. टोचू द्या.

आणि विमानात वाचायला एपेली हाउओफा यांचा 'अवर सी ऑफ आयलंड्स' हा १९९३चा निबंध; 'वी आर द ओशन' (२००८) या संग्रहात तो आहे. आईवडील टोंगाचे, जन्म पापुआ न्यू गिनीचा, नोकरी फिजीत सुव्हाच्या विद्यापीठात. आपली बेटं चिमुकली, गरीब, दुसऱ्यांच्या मदतीवर जगणारी, असंच ते वर्गात शिकवत. समोर बसलेल्या मुलांचे चेहरे पडलेले त्यांना दिसायचे. मग हवाईत व्याख्यानांसाठी गेले असताना, कोनाहून हिलोला गाडीने जाताना, ज्वालामुखीतून नवी जमीन तयार होत असलेली त्यांनी पाहिली आणि आपणच शिकवलेलं त्यांना पटेनासं झालं. पूर्वज होड्या घेऊन अख्ख्या महासागरात ये-जा करत होते, मग नुसती जमीन मोजून यांना लहान ठरवलं कुणी? हे त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं भूगोल शिकवला असेल, तर जास्तच मजा येईल.

तुसियाता एव्हिया यांचं 'द सॅव्हेज कोलोनायझर बुक' (२०२०) मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. न्यूझीलंडचा २०२१चा ऑकहॅम काव्यपुरस्कार त्याला मिळाला. त्यातली कुकवरची कविता संतापाने फणफणलेली आहे. सकाळी चहाबरोबर वाचू नका, चहा गार होतो.

पुस्तकं इथे विकत घेत बसू नका. लेकीला ऑकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात तुमचं नाव नोंदवायला सांगा.

प्रश्न : मॅडम, मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. 'बुडणारी बेटं' या विषयावर सेमिनार द्यायचाय. अहवाल भरपूर आहेत, साहित्य कोणतं वाचू?
– विद्यापीठ वसतिगृह, गणेशखिंड

उत्तर : आधी शीर्षक बदल. तिथल्या तरुण कार्यकर्त्यांची घोषणाच आहे, की आम्ही बुडत नाही, लढतो आहोत. मार्शल बेटांच्या कॅथी जेटनिल-किजिनर यांनी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून कविता वाचली. त्यांचा 'इएप जाल्तोक' (२०१७) हा संग्रह मिळव. समुद्र वर चढतोय हे त्या बेटांवरचं पहिलं संकट नव्हे. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. हा इतिहास सोडून नुसत्या पाण्याच्या पातळीचे आलेख दाखवलेस तर सेमिनार लंगडा पडेल. मग 'इंडिजिनस पॅसिफिक आयलंडर इको-लिटरेचर्स' (२०२२) हे संकलन. त्याचे एक संपादक क्रेग सांतोस पेरेझ हे गुआमचे चामोरो (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) कवी, २०२३चं अमेरिकेचं राष्ट्रीय पुस्तक पारितोषिक त्यांच्या कवितेला मिळालं. त्यांच्या कविता अवघड आहेत, मोठ्याने वाच.

प्रश्न : फिजीतले भारतीय वंशाचे लेखक पॅसिफिक बेटांच्या लेखकांत धरतात का?
– सदाशिव पेठ

उत्तर : यावर भांडण आहे. न्यूझीलंडची सरकारी आकडेवारी त्यांना आशियाईत मोजते. फिजीत पिढ्यानपिढ्या काढलेल्या अनेकांना ते मान्य नाही, आणि मला त्यांचं पटतं. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, घेऊन फिजीला पोचलं. १९१६पर्यंत साठ हजारांवर माणसं गेली. इंग्रजी नको असेल तर तोताराम सनाढ्य यांचं १९१४चं हिंदी 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' आहेच, पण मी सुब्रमणी यांची 'डउका पुरान' (२००१) सुचवेन. अख्खी कादंबरी फिजी हिंदीत, देवनागरीत छापलेली. पहिली दहा पानं अडखळाल, पुढे कान आपोआप सरावतो. त्यातल्या शिव्या बहुतेक ओळखीच्या निघतील.