माशी छतावर, दिवा टेबलावर, मग इंग्रजीत दोन्हीकडे ऑन का नाही?

प्रश्न: इंग्रजीत वस्तू कुठे आहे सांगताना माझा कायम गोंधळ होतो. मराठीत एक ‘वर’ सगळीकडे चालतो, पण तिथे ऑन, ओव्हर, अबव्ह काय काय आहे. त्यात भर म्हणजे ऑन द बस म्हणायचं पण इन द कार! पाठ करण्याशिवाय काही उपाय?

उत्तर: पाठ करून काही होणार नाही, बोलताना यादी आठवतच नाही. आधी ‘वर’चं बघू. ऑनचा उंचीशी संबंध नाही, वस्तू पृष्ठभागाला टेकलीय का एवढंच बघायचं, म्हणून छताला खालून चिकटलेली माशीसुद्धा ऑन द सीलिंग आणि भिंतीवरचं घड्याळ ऑन द वॉल. पण टेबलाच्या वर लटकणारा दिवा टेबलाला टेकलेला नाही, तो ओव्हर द टेबल किंवा अबव्ह द टेबल, दोन्ही चालतं. मात्र वस्तू दुसऱ्या वस्तूला झाकत असेल किंवा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असेल तर ओव्हरच, जसं सोफ्यावर टाकलेली चादर, नदीवरचा पूल. आणि गंमत म्हणजे गाव नदीकाठी असेल तर ते ऑन द रिव्हर, म्हणजे काय पाण्यावर तरंगत नाही हो!

बस, ट्रेन, विमान, जहाज, यात उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, म्हणून ऑन. कार, टॅक्सीत वाकून शिरायचं नि बसून राहायचं, म्हणून इन. इन द बस अगदीच चूक नाही, ‘बसच्या आत’ यावर जोर असेल तर म्हणतात.

पण खरं सांगू, ‘वर’पेक्षा जास्त फसवतो तो ‘समोर’, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. थिएटरमध्ये माझ्या समोर एक उंच माणूस बसलाय, मला त्याचं डोकंच दिसतंय, तर तो इन फ्रंट ऑफ मी. जेवताना टेबलाच्या पलीकडे तोंडाकडे तोंड करून बसलाय तर तो ऑपोझिट मी. दारासमोर लावलेली गाडी इन फ्रंट ऑफ द हाउस, पण रस्त्याच्या पलीकडची बँक ऑपोझिट द हाउस. बँकेला इन फ्रंट ऑफ म्हटलंत तर ऐकणारा ती रस्त्याच्या अलीकडेच शोधत बसेल.