सर म्हणाले, ‘बघू’

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देतो.

‘माझी मोठी लेक यंदा बारावी कला शाखेत 61 टक्क्यांनी पास झाली. आठवीपासून व्हॉलीबॉल खेळते, शालेय स्पर्धेत विभागापर्यंत जाऊन आली. उंची पाच फूट दोन इंच. जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात ट्रायलला नेलं होतं. सरांनी भिंतीशी उभं करून उंची घेतली, चार-पाच चेंडू खेळवले आणि ‘बघू, फोन करतो’ म्हणाले. फोन काही आला नाही. मग दुसऱ्या एका कॉलेजचे सर स्वतःहून घरी आले. फी माफ, राहणं-जेवणं आमच्याकडे, फक्त दाखला द्या, असं म्हणतात. तिची आई नर्सिंगचं म्हणते. माझी आई म्हणते, ‘पोर ठेंगनी शे, पन चेंडू खाले पडू देस नही.’ कॉलेजवाले मुली निवडतात तरी कशा? आणि या खेळामागे तीन वर्षं घालवावीत का?’

भाऊ, राम राम.

तुमच्या आईंनी एका वाक्यात जो रिपोर्ट दिला, तो त्या सरांना चार-पाच चेंडूंत मिळणं शक्यच नव्हतं. पण सरांनी उंची घेतली म्हणून रागावू नका. पंचवीसेक वर्षं मीही तेच केलं. कॉलेजात क्रीडा संचालक होतो, दर जुलैला मुलींचा संघ उभा करायचा हे माझं काम. त्यामुळे हे उत्तर थोडं आतल्या माणसाचं समजा.

आधी उंचीचा हिशोब. मुलींच्या नेटची उंची 2.24 मीटर. तुमची लेक 157 सेंटिमीटर, म्हणजे हात सरळ वर केल्यावर तिची बोटं साधारण दोन मीटरच्या थोडी वर जात असतील. ती 40 सेंटिमीटर उडाली, तर बोटं नेटच्या वर वीतभर निघतात. पाच फूट आठ इंचाची मुलगी न उडताच बोटं नेटच्या पट्टीला लावते. स्मॅशला नुसती बोटं वर जाऊन भागत नाही, तळवा आणि मनगट वर लागतं. ब्लॉकला, म्हणजे समोरचीचा स्मॅश नेटवरच अडवायला, तर हात पलीकडे घालावे लागतात. शाळेत हे जाणवत नाही, कारण समोरच्याही तिच्याच वयाच्या असतात. पदवीला गेल्यावर स्पर्धा विद्यापीठाच्या, वयाची चौकट 17 ते 25. नेटपलीकडे एम.ए.ला असलेली 24 वर्षांची पोरगी उभी असू शकते. सरांच्या डोक्यात हे चित्र होतं.

हा हिशोब घरीच करून बघा. ओसरीच्या भिंतीला लेकीला खेटून उभं करा, बोटांना खडू लावा, टाचा न उचलता हात ताणून खूण करायला सांगा. मग जागेवरून तीन उड्या, दर उडीला वरची खूण. सगळ्यात वरची धरा आणि शिलाई मशीनच्या टेपने दोन खुणांमधलं अंतर मोजा. फूटपट्टीने मोजू नका, दोनदा ठेवताना चुकतं. अंतर 40 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर कॉलेजच्या मैदानावर सांगण्यासारखी उडी आहे. 30 च्या आत असेल तर अटॅकरचं, म्हणजे स्मॅश मारणारीचं, स्वप्न बाजूला ठेवायला सांगा. ती खेळात राहू शकते, फक्त जागा वेगळी.

ही जागा लिबेरोची. वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागच्या तीन जागांवर खेळते ती. 1998 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत आली. तिला ब्लॉक करता येत नाही, सर्व्हिस नाही, नेटच्या वरचा चेंडू मारता येत नाही. म्हणजे उंची जिथे जिथे लागते ते सगळं नियमानेच तिच्याकडून काढून घेतलं आहे. उरतं ते एकच काम, चेंडू खाली पडू न देणं. सेटरची, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर चढवून देणारीची, जागाही आहे, पण सेटरला फिरत फिरत तीन वेळा पुढच्या रांगेत यावंच लागतं आणि तिथे तिच्या हातांवरून समोरचे अटॅकर मारतात. एवढ्या उंचीला मी आधी लिबेरोच बघेन.

आता निवड कशी होते ते. म्हणजे व्हायला कशी हवी.

माझ्या ट्रायलला एक शंभर पानी वही असायची. दर मुलीला वीस सर्व्हिस घ्यायला लावायचो आणि प्रत्येक चेंडूला आकडा. अंडरआर्मवरून चेंडू नेटजवळ सेटरच्या डोक्यावर गेला, तिला हवा तिथे पास देता आला, तर 3. सेटरला धावावं लागलं तर 2. चेंडू वर राहिला खरा, पण उंच उडवून देण्यापलीकडे काही करता आलं नाही, तर 1. पॉइंट गेला तर 0. वीस चेंडूंची सरासरी दोनच्या वर निघाली की नावाखाली रेघ. हा आकडा उंची विचारत नाही, आडनावही विचारत नाही. कोणाच्या मामाचा फोन आला तर वही पुढे करता येते, हा आणखी एक फायदा.

पण वहीतही सगळं येत नाही, हे मला एका पोरीने शिकवलं. शिंदखेड्याकडची होती, तुमच्या लेकीएवढीच. पाऊस नुकताच उघडला होता, मैदानावर मुरूम टाकला होता तरी कडेला काळी माती वर आली होती. तिच्या बुटांना चिकटून चिकटून एकेक किलोचं वजन झालं असेल. सरासरी आली दीड. त्याच दिवशी पाच फूट नऊ इंचाची एक मुलगी आली होती, चालत आली तरी सगळे वळून बघायचे. मी उंच मुलगी घेतली, हिला ‘बघू’ म्हणालो. पुढच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती शिंदखेड्याची पोरगी दुसऱ्या कॉलेजकडून समोर उभी राहिली. आमच्या सर्व्हिस तिच्या हातावर येऊन मऊ व्हायच्या. तेव्हा नीट बघितलं. सर्व्हिस करणारीने चेंडू वर उडवायच्या आधीच ही तिच्या खांद्याकडे बघून अर्धं पाऊल सरकलेली असायची. ते अर्धं पाऊल ट्रायलच्या दिवशीही असणार, मी मात्र बूट आणि उंची बघत बसलो होतो. आमची पाच-नऊवाली दिवाळीनंतर मैदानावर आलीच नाही, तिला मुळात खेळायचंच नव्हतं. तिच्या वडिलांना होतं.

तेव्हापासून मी ट्रायल तीन दिवसांची केली. पहिल्या दिवशी उडी, धाव आणि वही. दुसऱ्या दिवशी सहा विरुद्ध सहा, आणि जी चांगली वाटते तिला मुद्दाम कच्च्या संघात टाकायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या दमलेल्या असताना, एक पूर्ण 25 चा सेट. मला बघायचं असायचं ते चेंडू तिच्याकडे नसताना. आपली अटॅकर उडाली की ही मागे वाकून कव्हरला, म्हणजे ब्लॉक होऊन परत आलेला चेंडू उचलायला, येते, की हात कमरेवर ठेवून बघते? दोघींच्या मध्ये चेंडू आला तर ‘माझा’ म्हणून ओरडते का? आपल्या मुली इथे फार अडकतात. घरात मोठ्याने बोलायची सवय नसते, मग दोघी एकमेकींकडे बघतात आणि चेंडू मध्येच पडतो. कुणी चूक केली तर तिच्याकडे ही कशी बघते, हेही. एका डोळे वटारणाऱ्या मुलीने अख्खा संघ गप्प केलेला मी पाहिला आहे.

एक गोष्ट लेकीला विचारा. गावात भावांबरोबर ती शूटिंग व्हॉलीबॉल खेळत होती का? आपल्याकडे बऱ्याच गावांत तोच खेळ जास्त. त्यात नजर आणि हात तयार होतात, पण आलेला चेंडू सरळ पलीकडे मारायची सवय लागते. ट्रायलमध्ये तीन टचचा खेळ असतो, पास, सेट, मग स्मॅश. तिथे पहिलाच चेंडू नेटपलीकडे गेला की सर वहीत शून्य लिहितात आणि पोरीला कळतही नाही की काय चुकलं. आठ-पंधरा दिवस कोणीतरी सर्व्हिस द्यायची आणि तिने प्रत्येक चेंडू आपल्याच बाजूला, नेटजवळ ठेवलेल्या खुर्चीवर पाडायचा, एवढं करून घ्या.

मग पुन्हा पहिल्या कॉलेजात जा. हो, फोन आला नाही तरी जा. तिलाच बोलू द्या, ‘सर, मला लिबेरो म्हणून बघा, वीस सर्व्हिस द्या.’ असं स्वतःहून जागा सांगणारी मुलगी माझ्याकडे आली असती तर मी शिट्टी खाली ठेवून बघितलं असतं.

आता घरी आलेल्या सरांविषयी. ते आले यात गैर काही नाही. मुलींच्या संघाची बारा नावं भरताना मीही कबड्डी आणि खो-खोच्या पोरींना विनवलेलं आहे, आणि गावोगाव मोटारसायकलवर फिरलो आहे. पण बारा नावांत नाव असणं आणि मैदानावर असणं यात फरक आहे. म्हणून त्यांना विचारा, तुमच्याकडे सध्या लिबेरो कोण, ती कितव्या वर्षाला? उत्तर लगेच आलं तर त्यांना संघाची गरज माहीत आहे. ‘सगळ्याच खेळतात’ म्हणाले, तर त्यांना यादी पूर्ण करायची आहे.

‘फी माफ’ या शब्दाला भुलू नका. अनुदानित कॉलेजात कला शाखेच्या मुलीची फी मुळात किती, हे ऑफिसच्या खिडकीवर विचारून या, मग माफीची किंमत कळेल. खरा खर्च राहण्या-जेवणाचा, बुटांचा आणि जाण्यायेण्याचा. तो कॉलेज देणार असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने घ्या. त्यात एक ओळ हवीच, दुखापत झाली तर सवलत चालू राहील की नाही. उडी मारून उतरताना गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, आणि तो तुटला की वर्ष जातं. जिची सवलत त्या दिवशी बंद होते तिचं शिक्षणही बंद होतं. हे लिहून हातात येईपर्यंत मूळ दाखला देऊ नका. एकदा तो जमा झाला की वर्षाच्या मध्यात कॉलेज बदलणं म्हणजे डोकेदुखी.

नोकरीचं खरं सांगतो, गोड लागणार नाही. कॉलेजच्या संघात खेळली म्हणून नोकरी मिळत नाही. पायऱ्या अशा: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात निवड, तिथून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, पुढे अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव आहे, 2020 पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते कोणती स्पर्धा आणि कितवा नंबर यावर ठरतं. सहभागाच्या कागदांची फाइल जाड झाली म्हणून काही होत नाही. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे, म्हणजे आपल्याला नाशिकला, करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावाधाव करणारे दरवर्षी बघतो.

त्यापेक्षा हाताशी असलेली वाट बी.पी.एड.ची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीची. पदवीला 50 टक्के, सीईटी आणि मैदानी चाचणी, मग दोन वर्षं. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षणाचा डिप्लोमा, किंवा पंचांची परीक्षा. कायम नोकऱ्या इथेही कमीच, बरेच जण तासिका तत्त्वावर अडकलेले आहेत, हे लपवत नाही. म्हणून पदवीचे टक्के 50 च्या खाली जाऊ देणारं कॉलेज मला चालणार नाही, मग तिथे ट्रॉफ्यांची कितीही कपाटं असोत. मागच्या तीन वर्षांतल्या संघातल्या किती मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या, हे दोन्ही सरांना विचाराच.

नर्सिंगही चांगलं आहे, हाताला काम लवकर लागतं. पण तिथे वॉर्डच्या ड्युट्या आणि हजेरी कडक, संघाबरोबर आठ-आठ दिवस बाहेर जाणं जमत नाही. एक निवडलं की दुसरं जवळजवळ सुटतं. तुमच्या पत्रात आईचं मत आहे, आजीचं आहे, दोन सरांचं आहे, तुमचं आहे. लेकीचं एकही वाक्य नाही. तिला विचारा, आणि तिची आई समोर असताना नको, आधी एकटीला विचारा.

मला विचाराल तर आधी पहिल्या कॉलेजची दुसरी ट्रायल, तोवर दुसऱ्या सरांना ‘बघू’ म्हणा. तो शब्द आपल्यालाही वापरता येतो. मग कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला, न कळवता, दोन्ही मैदानांवर जाऊन उभे राहा. प्रॅक्टिस होते का, किती मुली आहेत, बाहेरगावी नेताना सोबत मॅडम असतात का, हे सर नसताना तिथल्या मुलींनाच विचारा. आणि वसतिगृहाचं नक्की होईपर्यंत एक साधी चौकशी करा, प्रॅक्टिस संपल्यावर तुमच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते.