मेक्सिकोच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीत वर्षभर राहायचं तर रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की पन्नाशीत नोकरी सोडून, शिडाची बोट घेऊन तुम्ही आणि तुमची पत्नी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वर्षभर राहिलात तर दिवस कसे जातील. आम्ही दोघं 36 फुटी बोटीवर तिथे दोन हिवाळे आणि एक उन्हाळा राहिलो, बहुतेक काळ बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरचं ला पाझ शहर आणि कोर्तेझच्या समुद्रातल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या बेटांजवळ. त्यावरून सांगतो.

शिडं उभारून जायचे दिवस थोडेच असतात. दहातले आठ दिवस बोट नांगरावर असते. म्हणून शीड सांभाळायला शिकाल त्याहून जास्त मन लावून नांगर टाकायला शिका. पाणी 5 मीटर, बोटीच्या पुढच्या टोकाची उंची 1 मीटर, म्हणजे 6. त्याच्या पाचपट साखळी सोडली तर 30 मीटर, सातपट सोडली तर 42. भरतीला चढणारं पाणी यात धरायचं विसरू नका.

एस्पिरितू सान्तो बेटाच्या पश्चिमेला मे महिन्यात आम्ही एकदा 25 मीटर साखळी सोडूनच थांबलो, कारण संध्याकाळी पाणी ताटात ओतल्यासारखं शांत होतं. पण ला पाझच्या आसपास उन्हाळ्याच्या सुमारास सूर्यास्तानंतर कोरोमुएल नावाचा वारा सुटतो. पॅसिफिकवरची गार हवा द्वीपकल्पाच्या सखल भागातून तापलेल्या आखाताकडे धावते आणि पश्चिमेला तोंड असलेल्या खाड्यांमध्ये सरळ घुसते. रात्री अकराला मी पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला. नांगर रुतलेला असला तर साखळी नुसती ताणते आणि सैल पडते. त्या रात्री ती हाताखाली खरखरत होती, जमिनीवरून लोखंडी खाट ओढावी तशी. इंजिन लावलं, नांगर उचलला, पुन्हा टाकला, 45 मीटर साखळी सोडली आणि उजाडेपर्यंत आळीपाळीने जागलो. तेव्हापासून झोपण्याआधी साखळीला हात लावायची सवय लागली ती आजही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. आमची टाकी 300 लिटरची. दोघांना दिवसाला 15 लिटर पुरवलं की वीस दिवस निघतात. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र मिळतं, पण ते वीज खातं. गोड्या पाण्याची किंमत मला मधमाश्यांनी शिकवली. त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही. बायकोने भांडी पुसलेलं ओलं फडकं डेकवर वाळत घातलं. आधी एक माशी आली, दोन चकरा मारून गेली. अर्ध्या तासात फडकं दिसेना, इतक्या माश्या त्यावर बसलेल्या. चावायला नाही, प्यायला आल्या होत्या. आम्ही आत जाळ्या लावून बसलो. अंधार पडू लागला तशा त्या गेल्या. पुढे प्रत्येक थेंब पुसून ठेवायला लागलो.

खाण्याची काळजी करू नका. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, चिंच सगळं मिळतं. पिलोन्सिल्यो म्हणजे तर आपला गूळच, फक्त शंकूच्या आकाराचा. कुकर मात्र घरून न्या. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवू नका, त्यातून झुरळांची अंडी येतात.

एकटेपणाचं म्हणाल तर ला पाझला सकाळी आठला रेडिओवर सगळ्या बोटी जमतात: हवामान, कोण आलं, कोण निघालं, कोणाला मदत हवी. जुनं सामानही तिथेच फिरतं, पण बाहेरून आणलेल्या वस्तू पैसे घेऊन विकायला परवानगी नसते, म्हणून किंमत ‘नारळां’त बोलतात. एका म्हाताऱ्या खलाशाने आम्हाला सुटा पंप असाच दिला आणि बदल्यात दोनदा पोहे खाल्ले.

‘वर्षभर’ या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. सप्टेंबर 2014 मध्ये ओदिल वादळ काबो सान लुकासजवळ किनाऱ्याला धडकलं आणि ला पाझला नांगरावरच्या कितीतरी बोटी बुडाल्या किंवा काठावर फेकल्या गेल्या. शिवाय ऑगस्टमध्ये बोटीच्या आत रात्रीसुद्धा भट्टी असते. आम्ही तो एक उन्हाळा काढला, पुन्हा काढणार नाही. नोव्हेंबरअखेर ते मे एवढंच राहा आणि मग आखातापलीकडच्या सान कार्लोसला बोट पाण्याबाहेर काढून ठेवून घरी या. हिवाळ्यात उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहतो, तेव्हा निघायची घाई करू नका. तारीख ठरवून कुणाला भेटायचं कबूल करणं हेच तिथे सगळ्यात धोक्याचं.

आणि बोट विकत घेण्याआधी, मे महिन्यात ला पाझला आठवडाभर भाड्याने बोट घ्या, सोबत जाणता माणूस असू द्या. दोघंही जा. एक रात्र कोरोमुएलमध्ये काढल्यावर सकाळी पत्नी काय म्हणतात ते ऐका आणि मग पैशांचा हिशेब करायला बसा. खर्चाचं विचारलंत तर तेव्हा आमची वही उघडून सविस्तर लिहीन.