मुलीला रेडिएशन सेफ्टीत जायचंय, आणि आमचा धंदा भंगाराचा

पत्र: जालन्यात आमचं भंगाराचं गोदाम आहे, माल इथल्याच भट्ट्यांना देतो. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिल्लीच्या मायापुरीची घटना वाचल्यापासून रेडिएशन सेफ्टीतच काम करायचं म्हणते. एकाने तीन महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी चाळीस हजार. यात नोकऱ्या आहेत का? आणि मुलीच्या जातीला पुढे त्रास नाही ना होणार?

नमस्कार भाऊ,

आधी कोर्सचं. पैसे भरू नका. तीन महिन्यांच्या खाजगी सर्टिफिकेटवर या क्षेत्रात कोणी दारात उभं करत नाही.

आता मायापुरी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं किरण सोडणारं एक यंत्र 1985 पासून पडून होतं. 2010 साली ते लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. आत कोबाल्ट-60, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्ट. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणांचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं. यंत्र 1970 च्या सुमाराचं, म्हणजे चाळीस वर्षांत जोर मूळच्या दोनशेव्या हिश्श्यापर्यंत उतरलेला. हा हिशेब मुलीकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्या उरलेल्या जोरानेही एक माणूस गेला आणि आणखी काही जण इस्पितळात पडले. अशा यंत्राला शिशाचं जाड कवच असतं, किरण अडवायला. आणि शिशाचा भाव काय असतो ते तुम्हाला मी काय सांगू! कवच निघालं की आतला तुकडा उघडा पडतो, आणि दिसायला तो साधा धातूच.

भट्टीत गेला तर गोष्ट आणखी बिघडते. कोबाल्ट लोखंडात मिसळतो, मग सळईच किरणोत्सर्गी होते. सीझियम-137 हा दुसरा किरणोत्सर्गी धातू मात्र वाफ होऊन भट्टीच्या धुळीत जाऊन बसतं. 1998 मध्ये स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात हेच झालं. गेटवर किरण मोजणारा डिटेक्टर बसवला तरी ट्रकच्या मधोमध, चार टन पत्र्याखाली, कवचासकट पडलेला किरणोत्सर्गी तुकडा तो दरवेळी पकडेलच असं नाही. म्हणून माल ओळखणारा माणूस लागतो. तुमच्या मुलीने तो माल लहानपणापासून पाहिलाय. फिजिक्सच्या वर्गात ही गोष्ट शिकवत नाहीत.

पण नोकरीचं खरं सांगतो. फक्त भंगार तपासण्याच्या नोकऱ्या थोड्या आहेत. पगाराच्या जागा जास्त करून कॅन्सर रुग्णालयांत, वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत आणि अणुऊर्जा खात्यात. रस्ता असा: एम.एस्सी. फिजिक्स, मग मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. जागा मोजक्या, त्यामुळे एम.एस्सी.चे मार्क सांभाळायचे. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करायला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. भाभाच्या ट्रेनिंग स्कूलसाठी ‘गेट’ या प्रवेश परीक्षेची तयारीही सोबत ठेवावी.

त्रासाचं विचारलंत, बरं केलंत, बरेच पालक मनातच ठेवतात. काम करणाऱ्याच्या छातीवर बॅज असतो आणि त्यावरून त्याला किती डोस मिळाला हे ठराविक काळाने मोजतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक). बाई गरोदर असेल तर कळवल्यापासून पोटातल्या बाळासाठी उरलेल्या गरोदरपणात मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्ट. खरं सांगू? मोजमाप असलेल्या जागी ती सुरक्षित आहे. मला काळजी तुमच्या गोदामातल्या पोरांची वाटते, ज्यांच्याकडे बॅजही नाही.

तेव्हा निकाल लागेपर्यंत तिला एक काम द्या. पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं चिन्ह, आणि 2007 साली आलेलं लाल त्रिकोणातलं कवटीचं चिन्ह, दोन्ही मोठी छापून वजनकाट्याजवळ लावायला सांगा. गॅस कटर चालवणाऱ्याला तिनेच समजवावं: आकाराच्या मानाने फार जड डबा दिसला, शिशाने मढवलेला असला, तर कटर खाली ठेवायचा, लांब व्हायचं आणि मालकाला हाक मारायची. मालकाने काय करायचं? हात लावू द्यायचा नाही, आसपास कोणाला फिरकू द्यायचं नाही आणि पोलिसांना व नियामक मंडळाला कळवायचं. त्या दिवशीचा धंदा बुडेल, तो बुडू द्या.